प्रश्नांचा क्रम : आदिवासींची वस्ती, नियोजन आणि घर



स्मृतिव्याख्यानाच्या आरंभी दिवंगतांचे गुणवर्णन करण्याचा परिपाठ आहे; परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्यांची हयात नकाशे, अंदाजपत्रके आणि मोजणीच्या साखळ्या यांच्या सहवासात गेली, आणि स्तुतीपेक्षा अंदाजपत्रकातली एखादी चूक दाखवून दिलेली त्यांना अधिक रुचत असे, असे त्यांच्या सहकाऱ्यांकडून मी ऐकले आहे. म्हणून मी अशाच एका चुकीविषयी बोलणार आहे. ती बेरजेची नाही, क्रमाची आहे.

आदिवासींच्या वस्तीत घरे बांधावयाची झाली म्हणजे आपल्या खात्यांचा कारभार कसा चालतो, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे. प्रथम घराचा नमुना मंजूर होतो. मग त्या नमुन्याबरहुकूम खर्चाचे दर ठरतात. मग जिल्ह्यामागे आणि तालुक्यामागे उद्दिष्टांची वाटणी होऊन लाभार्थींच्या याद्या तयार होतात. त्यानंतर कोणाला तरी आठवण होते की घर उभे राहावयास जमीन लागते आणि ती कोणाच्या नावावर आहे हे पाहिले पाहिजे. आणि सरतेशेवटी, इतिवृत्तात एक ठराव हवा म्हणून, लोकांना विचारण्यात येते. हाच व्यवहार डोंगरातला माणूस स्वतःच्या हिमतीवर करतो तेव्हा त्याचा क्रम नेमका उलटा असतो. ही जागा कोणाची आणि येथून मला कोणी उठवील काय, हा त्याचा पहिला प्रश्न. होळीनंतरही झऱ्याला पाणी राहते काय, हा दुसरा. भावकी किती अंतरावर आणि गावदेवाची व मसणवटीची वाट कोणीकडून, हा तिसरा. बांधकामाला घरातले हात कोणत्या महिन्यात मोकळे असतात, हा चौथा. घराच्या आकाराचा विचार तो सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी करतो, कारण वरच्या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे आकार जवळजवळ ठरूनच गेलेला असतो. आपण मात्र पहिले चारही प्रश्न कचेरीत निकालात काढतो आणि आधीच मंजूर झालेल्या पाचव्यावर लोकांचे मत मागून त्याला लोकसहभाग म्हणतो.

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागांतले वारल्यांचे जुने घर घ्या. लाकडी खांबांचा सांगाडा, कारवीच्या काठ्या ओळीने लावून शेणमातीने लिंपलेले कूड, वर गवताचे, पेंढ्याचे किंवा कौलांचे छप्पर. आत एकच ऐसपैस, अर्धवट काळोखाचे दालन, त्याच्या एका अंगाला गुरे, दुसऱ्या अंगाला चूल, मध्ये भाताच्या कणग्या आणि डोक्यावर माळा. खिडकी बहुधा नाहीच. शहरातून आलेला निरीक्षक आत वाकून पाहतो आणि ‘प्रकाश व वायुवीजन यांचा अभाव’ अशी नोंद करून बाहेर पडतो. वस्तुतः काठ्यांच्या फटींतून हवा अखंड खेळत असते. चुलीचा धूर छपरातून झिरपत जाताना माळ्यावरचे बियाणे कोरडे ठेवतो आणि वाशांना कीड लागू देत नाही. उन्हाळ्यात आतला काळोख हाच गारवा असतो. या धुराने स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या डोळ्यांचे आणि छातीचे काय होते हे मी विसरलेलो नाही. परंतु चुलीचा प्रश्न सोडविणे निराळे आणि चुलीबरोबर कणगी, माळा, गोठा ही सारी व्यवस्थाच मोडीत काढणे निराळे. याच कुडावर गेरूचा लेप देऊन तांदळाच्या पिठाने सवाशिणी लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघट देवीची स्थापना होते आणि लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यांनी विधी पुरा होतो. जिव्या सोमा मशे यांच्या हातून ही चित्रकला कागदावर आणि कापडावर आली, देशोदेशीच्या कलादालनांत पोहोचली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आता सरकारी इमारतींच्या कुंपणांवरही ती हौसेने रंगविली जाते. चित्र आपण घेतले. ज्या भिंतीवर ते होते तिच्याकडे मात्र ढुंकून पाहिले नाही.

यावर माझे अभियंता मित्र हसून विचारतात की मग लोक स्वतःच स्लॅबचे घर का मागतात? मागतात, आणि योग्य तेच करतात. गवताचे छप्पर वरचेवर शाकारावे लागते, त्याला ठिणगीचे भय असते, आणि कारवी, बांबू, लाकूड आणावयाचे तर वाटेत वनरक्षक उभा असतो. मुंबईत किंवा सुरतेस राबून आलेल्या तरुणाला पक्क्या भिंतीची प्रतिष्ठा हवी असेल तर त्याला ‘तुमची झोपडीच किती सुंदर’ असे सांगण्याचा अधिकार सिमेंटच्या घरात राहणाऱ्या माझ्यासारख्याला नाही. आदिवासीने कुडातच राहावे म्हणणारा शहरी रसिक आणि त्याच्यावर एकच नमुना लादणारा कारकून हे दोघे सख्खे भाऊ आहेत. दोघांनीही उत्तर आधीच ठरविलेले असते.

या नमुन्याचा हिशेब थोडक्यात सांगतो. इंदिरा आवास योजनेचा आरंभ १९८५-८६ सालचा. २०१६ पासून तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिने घेतली. तीत घराचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर झाले, म्हणजे स्वयंपाकाच्या जागेसह सुमारे २७० चौरस फूट. साहाय्याची रक्कम सपाटीच्या प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ व दुर्गम प्रदेशात १ लाख ३० हजार रुपये ठरली. राज्याची शबरी आदिवासी घरकुल योजना याच्याच जोडीची. रक्कम अपुरी आहे की नाही हा वाद मी आज घालीत नाही. मी इतकेच विचारतो की या २५ चौरस मीटरांत बैलजोडी कोठे बांधावी, वर्षाचे भात कोठे साठवावे आणि पावसाळ्याची लाकडे कोठे रचावीत? या प्रश्नाला लोकांनी स्वतःच उत्तर दिले आहे. घरकुलाला लागून कुडाची पडवी उभी राहते, चूल आणि माणसे तिकडे जातात, आणि स्लॅबच्या खोलीत भाताची पोती, अवजारे आणि एक कुलूप राहते. तपासणीस आलेला अधिकारी शेरा मारतो की लाभार्थी घराचा योग्य वापर करीत नाही. हा शेरा वाचताना मला नेहमी वाटते की त्या घराचा सर्वांत सुज्ञ वापर त्यानेच केला आहे. केंद्र शासनाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने प्रदेशवार घरांच्या नमुन्यांचा ‘पहल’ नावाचा संग्रह तयार करविला, स्थानिक सामग्री आणि स्थानिक कारागिरी यांचा त्यात कसोशीने विचार झाला. परंतु तालुक्याच्या कचेरीत तो उघडून पाहणारा मनुष्य मला क्वचितच भेटला. ग्रंथ सिद्ध झाला म्हणून अंदाजपत्रकाचा साचा बदलत नाही.

आता मी पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे जमिनीकडे येतो. येथे थोडे रेंगाळणे भाग आहे. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतील कातकऱ्यांच्या कित्येक वाड्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या १२२ व्या कलमाने गावठाणाच्या सीमा ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस दिला आहे. परंतु ज्या सीमा ठरल्या त्यांच्या आत बहुधा शेतकरी जातींची वस्ती आली, आणि कातकऱ्यांची वाडी, गावाला मजूर हवेत म्हणून ज्या माळावर बसविली गेली, तो माळ सीमेबाहेर खाजगी जमीन म्हणून राहिला. जोवर त्या माळाला किंमत नव्हती तोवर कोणी हरकत घेतली नाही. मुंबई जसजशी पसरली, तसतसे त्या माळावर शेतघरे आणि विश्रामगृहे उभारण्याचे बेत शिजू लागले आणि वाडीभोवती तारेचे कुंपण पडू लागले. १९४८ च्या कुळकायद्यात कुळाच्या आणि शेतमजुराच्या राहत्या घराला संरक्षण देणाऱ्या तरतुदी आहेत. पण ते संरक्षण मागावयाचे तर आपण येथे किती काळ राहत आहोत याचा दस्तऐवज हवा, आणि ज्याच्या नावाची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही त्याने तो कोठून आणावा? घराखालच्या जमिनीची ही अनिश्चिती म्हणजे केवळ गैरसोय नव्हे; ती माणसाच्या मानेवरची पकड आहे. १९४५ पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, आणि ज्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहून ठेवली, त्या लढ्याच्या मुळाशीही दुसऱ्याच्या जमिनीवर जगणाऱ्या माणसाची हीच लाचारी होती.

याला जोडूनच ऋतूचा प्रश्न येतो. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बांधकामाचा हंगामही नेमका हाच. पुढचा शासकीय हप्ता पायाचे छायाचित्र आल्यावाचून सुटत नाही, आणि पाया खणावयाचा त्या महिन्यांत घरमालक दुसऱ्याच्या इमारतीसाठी विटा थापीत असतो. परत येतो तेव्हा मृग जवळ आलेला असतो, अर्धवट भिंती पावसात भिजतात, आणि मार्चअखेरच्या अहवालात ‘लाभार्थ्याची उदासीनता’ अशी नोंद झालेली असते. एखाद्या वाडीत केवळ एवढे विचारले असते की तुम्ही कोणत्या महिन्यात घरी असता, तर हप्त्यांचे वेळापत्रक निराळे झाले असते. त्यासाठी वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी आरंभ झालेल्या पीएम-जनमन योजनेत महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना घरासाठी २ लाख रुपयांची तरतूद झाली. रक्कम वाढली हे चांगलेच. पण ज्या वाडीत घरासाठी पैसा मंजूर आणि घराखालची जमीन नामंजूर अशी अवस्था आहे, तेथे वाढलेली रक्कमही कागदावरच थांबते.

कोणी म्हणेल की ही सारी कंजूष योजनांची कथा झाली. उदार योजना असती तर? तेही आपण पाहिले आहे. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ साली दिलेला निवाडा विस्थापितांच्या बाबतीत त्या काळाच्या मानाने उदार होता. प्रत्येक कुटुंबाला ६० फूट बाय ९० फुटांचा घराचा भूखंड, १०० कुटुंबांमागे तीन खोल्यांची प्राथमिक शाळा, ५०० कुटुंबांमागे पंचायतघर, दवाखाना, बियाण्यांचे कोठार आणि तलाव, ५० कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची विहीर आणि एक चबुतरा, आणि वसाहतीमागे एक पूजास्थान. सरदार सरोवराने महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली, आणि त्यांतल्या भिल्ल आणि पावरा कुटुंबांपैकी अनेकांना तळोदा तालुक्यात खाली आणून बसविण्यात आले. सातपुड्यात त्यांची घरे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, ज्याचे त्याच्या शेतात, उतारावर विखुरलेली असत. भांडण झाले तर मध्ये एक ओहोळ असे, आणि लग्न असले तर तोच ओहोळ ओलांडून सारा पाडा येत असे. सपाटीवर भूखंडांच्या ओळी पडल्या, दाराला दार आले, कोंबड्यांवरून आणि सांडपाण्यावरून तंटे सुरू झाले. भूखंड लहान नव्हता हे ध्यानात घ्या. ज्यांचे देव डोंगरमाथ्यावर आणि झाडाखाली राहतात त्यांच्यासाठी निवाड्यात एका पूजास्थानाची बाब घालणाऱ्याची नियतही वाईट नव्हती. फक्त त्या बाबी ठरत असताना त्या बाधित गावांपैकी मणिबेलीचा माणूस त्या खोलीत नव्हता.

विद्वानांच्या खोलीतही तो नव्हता. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचे अध्यासन पॅट्रिक गेडीस यांच्याकडे आले. नगररचनेचा आरंभ गल्लीबोळांतून पायी हिंडून आणि तेथे काय नांदते आहे हे पाहून करावा, पाडापाडीने करू नये, हे त्यांनी भारतातील कितीतरी शहरांच्या अहवालांत पुनःपुन्हा सांगितले. त्यांच्यामागून त्या विभागाची धुरा वाहणारे गो. स. घुर्ये आदिवासींना मागासलेले हिंदू म्हणत आणि त्यांच्या समावेशाचा पुरस्कार करीत; मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन आरंभी त्यांना बाहेरच्या जगापासून जपून ठेवावे म्हणत. वाद मोठा विद्वत्तापूर्ण झाला. पुढे एल्विन यांच्या नेफाविषयक (ईशान्य सीमा प्रदेशाविषयीच्या) ग्रंथाच्या प्रस्तावनेत पंडित नेहरूंनी पाच तत्त्वे मांडली. त्यांतले अखेरचे असे की कामाचे मोजमाप आकडेवारीने किंवा खर्चलेल्या पैशाने करू नये. घरकुलांच्या उद्दिष्टपूर्तीचे तक्ते पाहताना ते मला हटकून आठवते.

प्रश्नांचा क्रम सुलटा असला म्हणजे काय होते, याचे माझ्या माहितीतील सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्या देशातले नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात पिट्जंट्जत्जारा आणि यांकुनित्जत्जारा लोकांचा विस्तीर्ण मरुप्रदेश आहे. १९८१ च्या कायद्याने त्या भूमीचा मालकीहक्क त्यांच्याकडे आला. म्हणजे पहिला प्रश्न सुटलेला होता. त्यांनी आपले स्वतःचे आरोग्यमंडळ स्थापन केले, न्गानम्पा हेल्थ कौन्सिल. त्याचे तेव्हाचे प्रमुख यामी लेस्टर. १९५० च्या दशकात ब्रिटिशांनी त्या वाळवंटात केलेल्या अणुचाचण्यांनंतर त्यांची दृष्टी गेली, असे ते स्वतः सांगत. दवाखाने झाले, औषधे आली, तरी तीच मुले त्याच विकारांनी पुन्हा येतात हे पाहून त्यांनी एक डॉक्टर, एक वास्तुविशारद आणि पर्यावरण-आरोग्याचा एक जाणकार, म्हणजे पॉल टॉर्झिलो, पॉल फोलेरॉस आणि स्टीफन रेनो, यांच्यावर एक काम सोपविले : लोक आजारीच पडू नयेत याची तजवीज करा. हुकूम त्या लोकांचा होता आणि तज्ज्ञ चाकरीला होते, हे नाते येथे महत्त्वाचे.

१९८७ च्या त्यांच्या अहवालात घराच्या शैलीची चर्चा जवळजवळ नाही. निरोगी जगण्यासाठी घराने काय करू द्यावे याची नऊ कलमे त्यात महत्त्वाच्या क्रमाने मांडली आहेत. पहिले, माणसांना, विशेषतः लहान मुलांना, अंग धुता येणे. मग कपडे व अंथरूण धुणे, सांडपाणी व मैला सुरक्षित वाहून जाणे, अन्न साठविता व शिजविता येणे. पुढे गर्दी, प्राणी व कीटक, धूळ, तापमान आणि इजा यांची कलमे. मग या मंडळींनी घरोघर जाऊन नळ सोडून पाहिले. पुढे देशभर हीच पद्धत गेली तेव्हा तपासलेल्या घरांपैकी सुमारे एक तृतीयांश घरांतच न्हाणी धड चालू अवस्थेत आढळली. ‘हे लोक घरे नासवतात’ हा गोऱ्या समाजातला सार्वत्रिक समज होता. आपल्याकडच्या कचेऱ्यांतही तो अपरिचित नाही. प्रत्यक्ष नोंदींत असे निघाले की बिघाडांपैकी बहुसंख्य नित्य देखभालीच्या अभावी झालेले, त्याखालोखाल मूळ बांधकामातील दोषांमुळे झालेले, आणि राहणाऱ्यांच्या गैरवापराचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी. या कामाचा एक दंडक मला फार मोलाचा वाटतो : दुरुस्ती केल्यावाचून पाहणी करावयाची नाही. ज्या दिवशी घर तपासावयाचे त्याच दिवशी हत्यारे हाती घेऊन निदान काही गोष्टी दुरुस्त करूनच निघावयाचे, आणि पथकातली बहुसंख्य माणसे त्याच वस्तीतली असावयाची. न्यू साउथ वेल्सच्या आरोग्य खात्याने दहा वर्षांच्या कामाचा आढावा २०१० साली प्रसिद्ध केला, तेव्हा या पद्धतीने दुरुस्त झालेल्या घरांतील लोकांचे संसर्गजन्य विकारांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण इतर ग्रामीण आदिवासींपेक्षा ४० टक्क्यांनी कमी आढळले. आपल्या गावांतून किती पाहण्या होऊन गेल्या याची कल्पना करा. प्रत्येक पाहणीमागे एखादा गळका नळ जरी कोणी नीट केला असता!

आपल्याकडे हे जमणार नाही, कारण आपले लोक एकत्र बसून ठरवू शकत नाहीत, असा आक्षेप येतो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव त्याला पुरेसे उत्तर आहे. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात, आणि निर्णयाची सभा व समजून घेण्याची सभा या दोन निराळ्या ठेवल्या आहेत : अभ्यासगटात बाहेरचा जाणकार यावा, नकाशे उलगडावेत, शंका विचाराव्यात, निर्णयाच्या वेळी मात्र गावच. गावाने लाकडाची घोटुल, म्हणजे तरुणांचे सामुदायिक घर, उभारली, वनखात्याने ती मोडली, गावाने ती पुन्हा उभारली. आणि २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क देशात सर्वांआधी मिळविणाऱ्या गावांत त्याचे नाव आले. नियोजनकारांनी यातून उचलावयाची गोष्ट अगदी व्यावहारिक आहे. आपण दोन तासांच्या एकाच बैठकीत नकाशा दाखवितो, समजावितो आणि अंगठे घेतो. जे तीन महिन्यांत आणि दोन निराळ्या सभांत व्हावयास हवे ते आपण जेवणाच्या सुटीपूर्वी उरकतो.

कायदा या बाबतीत आपल्या कारभाराच्या पुढे आहे, ही चमत्कारिक पण खरी गोष्ट. १९९६ च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीच्या) कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे, आपल्या रूढीनुसार कारभार करणारा पाडा हेच गाव होऊ शकते. राज्याच्या २०१४ च्या नियमांत त्याची रीतही सांगितली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने अतिदुर्बळ जमातींच्या सबंध अधिवासावरचा हक्क मान्य केला, आणि मध्य प्रदेशात दिंडोरीच्या बैगांना तो मिळालाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची नुसती सल्लामसलत नव्हे, पूर्वसंमती आवश्यक केली. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखालील अधिकारात अधिसूचना काढून, अनुसूचित क्षेत्रांतील वननिवासी कुटुंबांना लगतच्या वनजमिनीवर घर बांधण्याची वाट मोकळी केली. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची साधने, निदान अनुसूचित क्षेत्रापुरती, दफ्तरात आहेत. रायगडातील वाड्या त्या क्षेत्राबाहेर पडतात. तेथे गावठाण वाढविण्याचा महसुली मार्गच चोखाळावा लागेल, आणि ते काम बांधकाम खात्याचे नसून तहसीलदाराचे आहे, म्हणून तहसीलदाराचा आदेश हाती आल्यावाचून घरांचे उद्दिष्ट त्या वाडीपुरते ठरवूच नये.

पेसाच्या त्याच चौथ्या कलमात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. पंचायतीने विकासकामांवर केलेल्या खर्चाच्या विनियोगाचा दाखला ग्रामसभेकडून घ्यावयाचा आहे. आज तो दाखला इतर कागदांच्या चळतीत सहीपुरता येतो. माझी सूचना अशी आहे की घरांच्या आणि वसाहतींच्या बाबतीत तो पाड्याच्या ग्रामसभेने द्यावा, आणि बांधकाम पुरे झाल्याच्या दिवशी नव्हे तर घरावरून एक पावसाळा आणि स्थलांतराचा एक हंगाम गेल्यानंतर द्यावा. त्यात जमिनीचा फेरफार झाला काय, उन्हाळ्यात पाणी पुरले काय, छत गळले काय, धान्य व गुरे कोठे राहिली, आणि बिघाड झाल्यावर दुरुस्तीला कोण आले, एवढ्याच बाबी असाव्यात. आणि जेथे वसाहत ठेकेदारामार्फत उभी राहिली असेल तेथे हा दाखला हाती पडेपर्यंत त्याच्या बिलाचा अखेरचा हिस्सा खात्याने अनामत ठेवावा.